कापायची यादी

यादी व्हॉट्सॲपवर आली. पाच ओळींची.

१. हळदीची आंघोळ काढणे (आत्या बोलली).
२. सुरुवातीचं घर, गल्ली, नदी वगैरे. कोणीच नाही त्यात.
३. मधात नुसत्या खुर्च्या आणि पाय दिसतात ते.
४. आहेर पूर्ण.
५. मोठी आई (पहिली) जिथे जिथे आहे तिथून.

यादी पाठवणारा माझा चुलतभाऊ, एकोणीस वर्षांचा. २०२३च्या मे महिन्यात आत्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती. भंडाऱ्यात एका लॉनवर कार्यक्रम ठरला होता आणि तिथल्या मोठ्या पडद्यावर लग्नाची कॅसेट दाखवायची होती. कॅसेट १७२ मिनिटांची. दाखवायची होती चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. घरात ‘सिनेमातलं कळणारी’ मी एकटी, म्हणजे मी सिनेमावर लिहिते एवढंच. म्हणून काम माझ्याकडे आलं.

हा लेख त्या कॅसेटची समीक्षा आहे. लग्नाच्या कॅसेटची कोणी समीक्षा करत नाही, कारण ती कोणाची ‘कलाकृती’ नसते. पण आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली फिल्म हीच. तुमच्याही घरात बहुतेक अशीच एखादी असेल, कपाटाच्या वरच्या खणात, बुरशी धरत. आणि तिच्यातलं काय ठेवायचं, काय काढायचं हे आता तुमच्या पिढीला ठरवायचं आहे, कारण कापायचं ॲप तुमच्याच फोनमध्ये आहे.

शूटिंगवाला

लग्न मे १९९८चं. गाव पवनी तालुक्यातलं, वैनगंगेच्या काठावरचं. वरात तिरोड्याहून आली होती. मांडवाच्या दारावरच्या कापडी फलकावर ‘तिरोडा, जि. भंडारा’ असं लिहिलेलं दिसतं. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तो पुढच्या वर्षी, १ मे १९९९ रोजी. म्हणजे फलक बरोबर आहे, आपणच पुढे आलो आहोत.

त्या काळच्या शूटिंगवाल्याकडे खांद्यावर घ्यायचा व्हीएचएस कॅमेरा असायचा, सोबत हॅलोजन धरणारा एक पोरगा आणि त्या हॅलोजनची लांबच लांब वायर. कॅसेट ‘ई-१८०’, म्हणजे तीन तासांची. तेवढ्यात हळद, वरात, लग्न, आहेर, पंगत आणि बिदाई बसवायची. त्यामुळे कॅमेऱ्याचं पॉज बटण हाच संपादक होता. आमच्या कॅसेटचा शूटिंगवाला या बटणाच्या बाबतीत फार शिस्तीचा नव्हता आणि त्याच्यातलं बरंच चांगलं मला त्यामुळेच मिळालं.

शूटिंगनंतर ‘मिक्सिंग’ व्हायचं. लग्नाच्या चित्रांवर हिंदी सिनेमाची गाणी टाकायची, नवरानवरीचे चेहरे बदामाच्या चौकटीत बसवायचे, एक चित्र फुलासारखं उमलून दुसऱ्यात जायचं. या बदामांना हसणं सोपं आहे. मला त्यांची तक्रार नाही, ती त्या काळची हौस होती. तक्रार गाण्यांची आहे. मिक्सिंगमध्ये मूळ आवाज पुसला जायचा. माझ्या मामाच्या लग्नाची मिक्स केलेली कॅसेट मी पाहिली आहे. दोन तास चाळीस मिनिटांत एका माणसाचा आवाज ऐकू येत नाही. माझे आजोबा त्यात काहीतरी बोलून मनापासून हसतात, आणि मागे एक गायिका प्रेमात पडलेली असते. ते काय बोलले हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

आत्याच्या कॅसेटचं मिक्सिंग झालं नाही. मोठ्या बाबांना त्याचे पैसे जास्त वाटले. त्या कंजूषपणाचे मी जाहीर आभार मानते. त्यामुळे तीन तासांची झाडीबोली जशीच्या तशी राहिली. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी या बोलीसाठी आयुष्य दिलं, शब्द गोळा केले, साहित्य संमेलनं उभी केली. पण कापडी मांडवात चाळीस बाया एकाच वेळी बोलतात तेव्हा ही बोली कशी ऐकू येते, हे कागदावर येत नाही. ते कॅसेटमध्ये आहे.

कापणं म्हणजे नेमकं काय

नागपूरच्या एका दुकानातून कॅसेट डिजिटल करून आणली. पेन ड्राइव्हवर एकच एमपीईजी-२ फाइल, साडेसात जीबीच्या वर. कॅसेट जिवंत असताना हे काम झालं हे नशीब. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, तिनं २०१६च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. युनेस्कोनं २०१९मध्ये चुंबकीय फितींबद्दल इशारा दिला तोही याच कारणानं. फीत टिकली तरी ती वाजवणारं यंत्र आणि त्याचे सुटे भाग मिळेनासे होतील, आणि २०२५च्या आसपास हे रूपांतराचं काम नेहमीसारखं करता येणं थांबेल, असा तो अंदाज होता.

मी पहिल्यांदा फोनवरच्या ॲपमध्ये फाइल टाकून कापून पाहिली. कापली गेली. पण निकाल पाहिल्यावर हळदीचा पिवळा मळकट झाला होता आणि हलणाऱ्या हातांच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा आल्या होत्या. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

डिजिटल व्हिडिओत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. एक फ्रेम पूर्ण असते, तिला की-फ्रेम म्हणतात. तिच्यानंतरच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं याची नोंद असते. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम. डीव्हीडीच्या जातीच्या फाइलमध्ये साधारण १२ ते १५ फ्रेमनंतर एक पूर्ण फ्रेम येते, म्हणजे अर्ध्या-पाऊण सेकंदाला एक. आजच्या फाइलमध्ये हे अंतर खूप जास्त असू शकतं. एक्स-२६४ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या एन्कोडरमध्ये ते मुळातच २५० फ्रेमपर्यंत जाऊ दिलेलं आहे, म्हणजे दहा सेकंद.

की-फ्रेमवर कापलं तर काहीच बिघडत नाही. दोन की-फ्रेमच्या मध्येच कापलं की पुढच्या फ्रेमना आधार सापडत नाही. त्या ज्या चित्राच्या तुलनेत बदल सांगत होत्या ते चित्रच गेलेलं असतं. मग नवरदेवाच्या चेहऱ्यावर आधीच्या दृश्यातल्या पंगतीचे चौकोनी ठोकळे उमटतात आणि पुढची की-फ्रेम येईपर्यंत तो तसाच फिरतो. हे टाळायला बहुतेक ॲप सगळी फाइल नव्यानं एन्कोड करतात. तीन मिनिटं काढायची म्हणून उरलेली १६९ मिनिटंही थोडी थोडी खराब होतात. व्हीएचएसचं चित्र दोन अर्ध्या फेऱ्यांत रंगवलेलं असतं, एकदा विषम रेषा, एकदा सम. ते नीट न उलगडता दाबलं की ते कंगव्याचे दात दिसतात.

मी शेवटी लॉसलेसकट हे मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर वापरलं. ते की-फ्रेमवर कापतं, बाकीच्याला हात लावत नाही. जिथे अगदी नेमक्या फ्रेमवर कापायचं होतं तिथे फक्त तेवढाच छोटा तुकडा वेगळा एन्कोड केला. आणि एक गोष्ट चुका करत शिकले. कट डोळ्यांआधी कानाला कळतो. वाक्याच्या मध्ये कापलं की कितीही सफाईदार चित्र असलं तरी माणूस दचकतो. म्हणून आधी आवाजातली फट शोधायची, मग तिच्या जवळची की-फ्रेम. फट मिळाली नाही तर आवाज दोन-तीन फ्रेममध्ये हळूच उतरवायचा आणि चढवायचा.

वॉल्टर मर्च या अमेरिकन संपादकाचं ‘इन द ब्लिंक ऑफ ॲन आय’ हे पुस्तक संपादन शिकणाऱ्या प्रत्येकाच्या हातात असतं. चांगल्या कटच्या सहा कसोट्या तो देतो आणि त्यात भावनेला ५१ टक्के वजन देतो, बाकी पाच मिळून ४९. हे मी अनेक वर्षं मान डोलावत वाचलं होतं. पण मर्चच्या कसोट्या कथा सांगणाऱ्या सिनेमासाठी आहेत. तिथे कापलेला माणूस पगार घेऊन घरी गेलेला नट असतो. इथे तो जेवणाच्या रांगेत उभा असणार होता.

पहिली ओळ

हळदीची आंघोळ दोन मिनिटं दहा सेकंदांची आहे. आत्या तेव्हा एकवीस वर्षांची. बायांच्या घोळक्यात कॅमेरा शिरतो, हॅलोजन शिरतो, आणि ओल्या पातळातली आत्या दोन वेळा हातानं प्रकाश अडवते. शूटिंगवाला थांबत नाही. आजूबाजूचं कोणीही त्याला थांबवत नाही.

हा भाग मी कापला. मूळ फाइलमधूनही. त्याची एक प्रत आत्याच्या हातात दिली, काय करायचं ते तिचं. तिनं माझ्यासमोरच पुसून टाकली.

पुढे जे लिहिणार आहे त्यावरून मी ‘काहीच कापू नका’ म्हणणारी वाटेन, म्हणून हे आधी सांगितलं. जिची प्रतिमा आहे ती स्वतः नको म्हणत असेल, तर बाकी कोणाच्या आठवणीचा, इतिहासाचा, संग्रहाचा हक्क त्याच्यापुढे लहान आहे. पंचवीस वर्षांपूर्वी तिनं हात वर करून हेच सांगितलं होतं.

दुसरी ओळ

‘कोणीच नाही त्यात.’ खरंच नाही. कॅसेटच्या सुरुवातीची चार मिनिटं शूटिंगवाला एकटाच गावात फिरतो आहे. कौलारू घर, ओसरीवर आंदणाची पितळी भांडी, विहीर, विहिरीची गडगडी, नदीकडे उतरणारी गल्ली, शेवटी वैनगंगा. हात थरथरतो, झूम उगाच आतबाहेर होतो. बहुधा तो वरातीची वाट पाहत होता.

गोसीखुर्द धरणाची कोनशिला राजीव गांधींनी २२ एप्रिल १९८८ रोजी बसवली. लग्न झालं तेव्हा धरणाचं काम दहा वर्षं चाललं होतं आणि गाव जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. तरी कॅसेटभर कोणीही त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. पुढे गाव उठलं, पाणी चढलं. आमचं घर, ती विहीर आणि ती गल्ली आता धरणाच्या पाण्याखाली आहे. पुनर्वसनातल्या गावाला आजी शेवटपर्यंत ‘नवं गाव’च म्हणायची.

आमच्याकडे त्या घराचे फोटो आहेत. प्रत्येक फोटोत घरासमोर कोणीतरी उभं आहे, त्यामुळे घर दिसत नाही. घर फक्त या चार मिनिटांत दिसतं, कारण त्यात कोणीच नाही.

माझ्या भावाला मी दोष देत नाही. त्याचा जन्म २००४चा. त्याच्यासाठी ती कुठलीतरी गल्ली होती. एखादा भाग फालतू आहे की नाही हे तो भाग पाहून ठरत नाही, त्याच्यानंतर काय घडलं यावर ठरतं. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. ते उभं करणारे पी. के. नायर यांची याबाबतची भूमिका प्रसिद्ध आहे. संग्राहकानं चांगलं-वाईट ठरवत बसू नये, मिळेल ते जपावं. ‘सेल्युलॉइड मॅन’ (२०१२) हा शिवेंद्र सिंग डुंगरपूर यांचा माहितीपट पाहताना मला हे थोडं हट्टी वाटलं होतं. विहिरीची गडगडी पाहिल्यावर वाटेनासं झालं.

तिसरी ओळ

जेवणाच्या आधी शूटिंगवाल्यानं कॅमेरा खुर्चीवर ठेवला आणि बंद करायचा विसरला. तीन मिनिटं वीस सेकंद. मांडवातल्या सतरंजीवरून पाय जातात. रबरी चपला, भेगाळलेल्या टाचा, जोडवी, एका पोराचे एकाच पायात सॅंडल. हॅलोजन बंद असल्यामुळे रंग मऊ आहेत. आणि वर, फ्रेमच्या बाहेर, लोक बोलतात. कॅमेरा चालू आहे हे माहीत नसलेली माणसं संपूर्ण कॅसेटमध्ये फक्त इथेच आहेत. भात कमी पडेल का याची चिंता, तिरोड्याच्या पाहुण्यांची नक्कल, आणि कोणीतरी बाई दुसरीला विचारते, ‘थकली का वो?’

बाकी वेळ कॅमेरा आला की लोक फोटोसाठी उभं राहावं तसे गोठतात, हात सरळ, नजर समोर. व्हिडिओ हलतो याची त्यांना सवय नव्हती. म्हणून मला ही तीन मिनिटं कॅसेटमधली सर्वात चांगली वाटतात. पायल कपाडियाच्या ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’मध्ये (२०२१, कानमध्ये उत्कृष्ट माहितीपटाचा पुरस्कार) तिनं तिचं स्वतःचं चित्रण आणि इतरांची जुनी घरगुती फुटेज एकत्र विणली आहे. तिथे असे निरुद्देश तुकडे आपण गंभीरपणे बघतो, कारण ते सिनेमागृहात असतात. आपल्या घरच्या कॅसेटला आपण तेवढी सवलत देत नाही.

चौथी ओळ

आहेर एकतीस मिनिटं. हा भाग कंटाळवाणा आहे, आणि तसा तो आहेच हे समीक्षकानं मान्य केलं पाहिजे. एकेक जोडपं येतं, पाकीट किंवा भांडं देतं, कॅमेऱ्याकडे बघतं, जातं. मागे माइकवर एक माणूस वहीतून वाचतो. अमुक यांच्याकडून एक्कावन रुपये. तमुक यांच्याकडून एकवीस रुपये आणि स्टीलचा डबा. नाव, टोपणनाव, गाव, आकडा.

आता ऐकताना ती गावाची जनगणना वाटते. कोण कोणाआधी बोलावलं जातं, कोणाला स्टेजवर खुर्ची मिळते, कोण खालूनच पाकीट देऊन वळतो, हे सगळं त्यात आहे. एका म्हाताऱ्या गड्याचं नाव माइकवर आडनावाशिवाय घेतलं जातं. अकरा रुपये. तो स्टेजवर चढत नाही. एकतीस मिनिटांत त्याला चार सेकंद मिळतात.

कार्यक्रमासाठी मी आहेर सहा मिनिटांवर आणला. त्या चार सेकंदांना हात लावला नाही. मात्र त्यानं काही भरपाई होते असा माझा समज नाही.

पाचवी ओळ

आमच्याकडे बाबांच्या मोठ्या भावाला मोठे बाबा म्हणतात आणि त्यांच्या बायकोला मोठी आई. १९९८च्या कॅसेटमधली मोठी आई २००१ साली घर सोडून गेली. का, हे आमच्या घरात तीन प्रकारे सांगितलं जातं आणि तिन्हींत ती बोलत नाही. मोठ्या बाबांनी दुसरं लग्न केलं. यादी पाठवणारा भाऊ हा त्या दुसऱ्या मोठ्या आईचा मुलगा.

त्यानं फोनवर सांगितलं, ‘‘ताई, शंभर लोकांसमोर माझी आई बसेल आणि पडद्यावर ती दिसेल. आईला कसं वाटेल?’’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. त्याचं म्हणणं क्षुद्र नव्हतं.

मी कामाला लागले. पहिल्यांदा तिच्या जागा मोजल्या. १७२ मिनिटांपैकी ६१ मिनिटं ती कुठे ना कुठे आहे. मध्यभागी फार क्वचित. बहुतेक वेळा कडेला. पाण्याची घागर नेताना, आरतीचं ताट पुढे करताना, स्टेजसमोरून पोरांना हाकलताना, नवरीचा पदर सारखा करताना. चार वर्षांची मी बऱ्याच ठिकाणी तिच्या कडेवर आहे. घरची मोठी सून, लग्नाचं सगळं काम तिच्यावर. जिथे काम आहे तिथे ती आहे, त्यामुळे तिला काढायचं तर लग्न काढावं लागत होतं. मंगलाष्टकांमध्ये ती अंतरपाटाच्या डावीकडे उभी आहे. तो भाग काढला तर लग्नच लागत नाही.

आणि जिथे ती दिसत नाही तिथेही ऐकू येते. ‘पानी आना वो कोनी!’ ही हाक नऊ वेळा आहे. चित्रातून माणूस काढता येतो, मिश्र आवाजातून एक आवाज वेगळा काढणं फार अवघड. पाय दिसतात त्या तीन मिनिटांत ‘थकली का वो?’ असं जिला विचारतात ती तीच. उत्तर येत नाही, नुसतं हसू येतं.

पेटर फोर्गाच या हंगेरियन दिग्दर्शकानं अनोळखी कुटुंबांच्या घरगुती फिल्म वापरून अनेक चित्रपट केले. त्याच्या ‘द मेलस्ट्रॉम’मध्ये (१९९७) पेरेबूम या डच ज्यू कुटुंबातल्या मुलानं स्वतः काढलेल्या फिल्म आहेत. लग्नं, बाळं, समुद्रकिनारा. शेवटाकडे कुटुंब प्रवासाची तयारी करताना दिसतं, टेबलाभोवती बसून कपडे शिवताना. ते आउश्वित्झला नेले जाणार होते. शिवणकामाचं हे दृश्य कुठल्याही नीटनेटक्या संपादकानं आधी कापलं असतं, त्यात काही ‘घडत’ नाही. आमच्या घरातल्या भांडणाची त्या संहाराशी तुलना करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण फोर्गाचकडून एक गोष्ट घ्यावीशी वाटली. घरगुती फिल्म काढणारा जे दाखवायला निघालेला असतो त्याच्या शेजारी जे आपोआप आलेलं असतं, ते तो पाहतो. आमच्या शूटिंगवाल्याला नवरी दाखवायची होती. आपोआप आली ती मोठी आई.

पहिल्या ओळीचा नियम मला इथेही लावायचा होता. जिची प्रतिमा आहे तिला विचारायचं. यादीतल्या कोणीच तिला विचारलं नव्हतं. मी एसटीनं साकोलीला गेले. ती तिकडे भावाच्या घराशेजारी राहते. बावीस वर्षांत मी तिला दोनदा भेटले होते, दोन्ही वेळा कोणाच्या तरी मौतीला.

तिनं चष्मा लावून फोनवर पाहिलं. स्वतःकडे तिचं लक्ष नव्हतं. विहीर आली तेव्हा म्हणाली, ‘‘गडगडी पाय ना. किती वाजे ते.’’ मग हळदीचं गाणं आलं. आंघोळीच्या आधी, जात्याजवळ, बाया गाताहेत. ती पुढे, बाकीच्या तिच्या मागे ओढत. तीन मिनिटं चाळीस सेकंद. तिनं ते पूर्ण ऐकलं.

मी विचारलं, ‘‘लोकं म्हणतात तुला काढायचं. काढू का?’’

‘‘काढ ना बाई. मी कायले पायजे त्याच्यात? थ्या बाईले कायले तरास?’’ मग थोड्या वेळानं, ‘‘पन गाना राहू दे. माह्या मायचा आहे थो.’’

शेवटची प्रत

कार्यक्रमासाठीची प्रत ४४ मिनिटांची झाली. मोठी आई मध्यभागी आहे ते सगळे भाग काढले. कडेला आहे ते ठेवले आणि भावाला तसं सांगितलं. तो म्हणाला, कडेला चालेल. गाण्याचा आवाज पूर्ण ठेवला आणि त्याच्यावरचं चित्र बदललं. गाणाऱ्या बायांच्या जागी दुसऱ्या ओळीतली ती चार मिनिटं लावली. रिकामी ओसरी, पितळी भांडी, विहीर, गल्ली, नदी. यादीत नको असलेल्या दोन गोष्टी एकमेकींवर ठेवल्या, एवढंच केलं.

लॉनवर चित्र सुरू झालं तेव्हा निम्मे लोक जेवणाच्या रांगेत होते. घर दिसलं तेव्हा रांग हलायची थांबली. कोणीतरी ‘आपली गल्ली होय ना!’ म्हणून ओरडलं. तिसऱ्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या बाया गाण्यात सामील झाल्या, त्यांना शब्द येत होते. आवाज कोणाचा हे कोणी विचारलं नाही. ओळखलं बऱ्याच जणांनी असेल. दुसरी मोठी आई पडद्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही. गाणं संपल्यावर ती उठून आजोबांच्या ताटात भात वाढायला गेली.

आता माझ्या कामाची समीक्षा. तो भाग सुंदर झाला असं सगळे म्हणाले, आणि मला तेच खटकतं. मिक्सिंगवाले चित्र ठेवून आवाज बदलायचे. मी आवाज ठेवून चित्र बदललं. गाणारी बाई काढून तिच्या जागी घर लावलं, आणि घराचं सगळ्यांना इतकं वाटलं की बाई नाही हे जाणवलंच नाही. मर्चच्या ५१ टक्क्यांवर हा कट पास होतो. तिनं परवानगी दिली होती हे खरं. पण परवानगी देताना तिनं जो शब्द वापरला, ‘तरास’, तो दुसऱ्या बाईच्या त्रासाबद्दल होता. स्वतःबद्दल तिला कोणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. मी विचारलं ते, काढू का.

म्हणून दोन फोल्डर आहेत. एकात ४४ मिनिटांची प्रत, ती व्हॉट्सॲपवर फिरून फिरून आता पुसट झाली आहे. दुसऱ्यात मूळ फाइल, आत्यानं काढायला सांगितलेली दोन मिनिटं दहा सेकंद सोडून अख्खी, न दाबलेली. सोबत एक साधी टेक्स्ट फाइल, कुठून कुठपर्यंत काय आहे, कोण कोण दिसतं, आणि चालू प्रतीसाठी काय काढलं, कोणाच्या सांगण्यावरून. तिच्या तीन प्रती केल्या. एक माझ्याकडे, एक आत्याकडे.

तिसरी पेन ड्राइव्हवर घालून साकोलीला पाठवली. तिच्याकडे लॅपटॉप नाही. भाच्याच्या टीव्हीला लावून बघते म्हणाली. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. चित्राबद्दल काही बोलली नाही. विचारलं, त्या अकरा रुपयेवाल्या बुढ्याचं आडनाव तुझ्या वहीत लिहिलंस का, मी सांगते, लिहून घे.